दोन मुठी कूट

विहीणबाईंचे आधी ओठ सुजले, मग डोळे. हातातलं अर्धं थालीपीठ गवतावर पडलं. त्या गळ्याला हात लावून माझ्याकडे बघत होत्या आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मानेवर आणि दंडांवर लाल चट्टे उठले होते आणि बघता बघता एकमेकांत मिसळत होते.

कशाने झालं ते मला लगेच कळलं. थालीपीठ मी केलं होतं. त्यात शेंगदाण्याचं कूट होतं. त्यांना शेंगदाणा चालत नाही हे मला माहीत होतं.

मी पहिलं काय केलं, तर कोकम सरबताची बाटली त्यांच्या तोंडाला लावली. अळूने घसा खाजला की आम्ही आंबट देतो, तेच डोक्यात आलं. त्यांना गिळता येईना. त्यांनी बाटली ढकलली, सरबत त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सांडलं, आणि त्या सायकलकडे बोट दाखवू लागल्या.

हे सगळं जर्मनीत, एका नदीच्या काठावर, भर दुपारी चाललं होतं. आसपास माणूस नव्हतं. आम्ही दोघी म्हाताऱ्या तिथे कशा जाऊन बसलो होतो ते आधी सांगते.

माझी मुलगी येनाला असते. तिथल्या भिंगांच्या कामात ती संशोधन करते. नक्की काय करते ते मला तिने चार वेळा सांगितलं, चारही वेळा मी मान हलवली. लग्न तिने तिथल्याच मुलाशी केलं. त्या मुलाची आई म्हणजे माझी विहीण. ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. मी तेव्हा पासष्टची होते, विहीणबाई सदुसष्टच्या. दोघींचेही नवरे गेलेले. मी उन्हाळ्यात तीन महिने मुलीकडे गेले होते.

मी चौथीपर्यंत शिकले. कराडला खानावळ चालवली, तीस वर्षं. सुरुवातीची बरीच वर्षं डबे मी स्वतः सायकलवरून पोचवले, लुगडं नेसून. पुढे दोन, मागे चार, हँडलला दोन. गावात बायका हसायच्या. मग त्यांचेच नवरे माझ्याकडे जेवायला यायचे. त्यामुळे सायकल मला नवी नव्हती, फक्त वीस वर्षं सुटली होती.

विहीणबाई शाळेत पीटीच्या बाई होत्या. शिट्टी सोडली तर त्यांचं सगळं तसंच राहिलं होतं. पाठ सरळ, केस बारीक कापलेले, बोलणं हुकूम दिल्यासारखं. मला सायकल येते हे मुलीकडून कळल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या जास्तीची सायकल घेऊन दारात हजर झाल्या. मी चढले, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि उतरले.

"या, गेनाऊ," त्या म्हणाल्या. म्हणजे बरोबर, असंच. ते दोन शब्द त्या दिवसातून शंभर वेळा म्हणायच्या, म्हणून मला पाठ झाले.

त्या जर्मन बोलायच्या, मी मराठी बोलायचे. लोकांना वाटतं अशाने बोलणं होत नाही. होतं. चढ आला की त्या मागे वळून ओरडायच्या, "लांगझाम!" म्हणजे हळू. मी ओरडायचे, "अहो, हळूच येतेय, माझ्या मागे काय वाघ लागलाय का!" त्या हसायच्या. विहीण हा शब्द मी त्यांना शिकवला. त्यांच्या भाषेत सुनेच्या आईला असा नेमका शब्द नाही म्हणे. तो त्यांना आवडला. मलाही त्या विहीणच म्हणायच्या, "वी-हीन" असं तोडून.

जून संपता संपता त्यांनी ठरवलं की आपण तीन दिवस नदीकाठाने वर जायचं, वाटेत गावांत मुक्काम करायचा आणि आगगाडीने परत यायचं. सायकली आगगाडीत चढवता येतात. मुलगी म्हणाली, "आई, पन्नास-साठ किलोमीटर आहे. झेपेल?"

"मला झेपेल. त्यांना विचार."

"त्या तर दर वर्षी जातात."

"मग मलाच विचारलंस ते बरं केलंस."

मुलीने मला तिची पॅन्ट दिली आणि हेल्मेट. हेल्मेट घातल्यावर मी डोक्यावर पातेलं उपडं घातल्यासारखी दिसत होते. जावयाने फोटो काढला. काढू दिला.

आता दाण्याचं. ते मुलीने मला आल्या आल्या सांगितलं होतं, विहीणबाईंच्या देखत.

"आई, ह्यांना शेंगदाणे चालत नाहीत. अजिबात नाही. घसा सुजतो."

विहीणबाईंनी दोन्ही हात गळ्याला लावून जीभ बाहेर काढून दाखवली.

"अळूने माझाही खाजतो," मी म्हणाले.

"तसं नाही गं. जीव जाऊ शकतो."

"बरं."

मी बरं म्हटलं पण मला ते पटलं नव्हतं. तीस वर्षं मी रोज साठ-सत्तर माणसं जेवायला घातली. आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, वांग्यात कूट. उपासाला तर लोक दुसरं काही खातच नाहीत. कूट खाऊन कोणी आजारी पडलेलं मी पाहिलं नव्हतं. जे मी पाहिलं नाही ते नाही, असं मला त्या वयापर्यंत वाटत होतं.

घरी मुलीचं लक्ष असायचं. विहीणबाई जेवायला आल्या की ती कुटाची बरणी उचलून वरच्या कपाटात ठेवायची. मी निघण्याच्या आदल्या दिवशी थालीपिठं केली तेव्हा ती कामावर होती. भाजणी मी कराडहून नेली होती. पहिल्या दिवशीचं खाणं विहीणबाईंकडे, दुसऱ्या दिवशीचं माझ्याकडे, असं ठरलं होतं. म्हणजे थालीपीठ दुसऱ्या दिवशी दुपारी खायचं. नुसत्या भाजणीचं दुसऱ्या दिवशी चामड्यासारखं होतं. कूट घातलं की मऊ राहतं. मुलाच्या आईला मी चामडं खायला घालणार नव्हते.

मी बरणी खाली काढली. थोडा वेळ हातात धरली. सुरण कच्चा असला की खाजतो, शिजवून चिंच घातली की खात नाही का आपण? तसंच हे असणार, असं मी मनाशी म्हटलं. दाणे एकदा भाजलेत, आता थालीपिठात पुन्हा भाजले जातील. दोनदा भाजल्यावर काय उरतंय त्यात? मी दोन मुठी घातल्या. विसरून नाही घातल्या, हात सवयीने गेला असंही नाही. विचार करून घातल्या.

पहिला दिवस फार चांगला गेला. तो रस्ता फक्त सायकलींसाठी केलेला, गुळगुळीत, एका बाजूला नदी आणि एका बाजूला गहू. गव्हाच्या मधे लाल फुलं होती. विहीणबाईंनी एकाचं बोंड मोडून हातावर झटकलं तर आत खसखशीसारखं बारीक बी. रस्त्याकडेला चेरीची झाडं, कोणाची ते माहीत नाही. विहीणबाई सायकल उभी करून बिनधास्त तोडून खायच्या. मी म्हटलं, "शाळेत पोरांना हेच शिकवलंत का?" त्यांनी बी लांब थुंकून दाखवलं. मीही थुंकलं. माझं जास्त लांब गेलं.

दर तीन-चार किलोमीटरला गाव. घरं पांढरी, त्यांच्या भिंतींत आडव्या-उभ्या-तिरक्या काळ्या लाकडांच्या पट्ट्या, खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या. सगळं झाडून पुसून ठेवलेलं आणि माणूस एक दिसत नाही. कराडकडच्या एवढ्याच गावात मी सायकल घेऊन शिरले असते तर दहा जणांनी कुठे निघालात विचारलं असतं. इथे एक मांजर बघायचं. देवळातली घंटा मात्र तासाला वाजायची, तेव्हा कळायचं की कोणीतरी आहे.

तीन वाजले की विहीणबाई जिथे असतील तिथे कॉफी आणि केक शोधायच्या. त्यात सूट नाही. एका गावात दुकान बंद होतं तर त्यांनी पाच किलोमीटर वाट वाकडी केली. मी वैतागले होते, पण अंबाडीच्या चवीचा आंबट केक समोर आला तेव्हा गप्प बसले. अंबाडीचा नव्हे, तिथल्या कसल्याशा आंबट लाल देठांचा. चव तशी लागली एवढंच.

रात्री एका बाईंच्या घरी वरच्या खोलीत झोपलो. पाय दुखत होते. इतकं चांगलं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाव मागे टाकून नदीजवळ सावलीत बसलो. मी डबा उघडला. विहीणबाईंनी थालीपीठ उचललं, वास घेतला, दोन बोटांनी दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "वाइश!" म्हणजे मऊ. मला बरं वाटलं. त्यात काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. सुनेच्या आईला माहीत आहे, मग विचारायचं कशाला, असं त्यांना वाटलं असणार.

चार-पाच घास खाल्ले आणि मग ते सगळं झालं.

त्या सायकलकडे बोट दाखवत होत्या. हँडलला त्यांची छोटी पिशवी होती. मी ती आणून गवतावर उपडी केली. किल्ल्या, रुमाल, नकाशा, चष्मा, मोबाइल आणि एक जाड पेनासारखी नळी. त्यांनी नळीकडे हात केला. स्वतः टोपण काढायला गेल्या, निघेना. मग त्यांनी नळी माझ्या हातात दिली आणि मुठीने स्वतःच्या मांडीवर बाहेरच्या बाजूला दोनदा मारून दाखवलं.

टोपण मी दातांनी काढलं. नळीवर चित्र होतं, मांडी आणि बाण. कोणतं टोक कुठे ते चित्रावरून कळलं. पॅन्टवरूनच मांडीवर टेकवलं आणि खिळा ठोकावा तसं दाबलं. आतून खट् आवाज झाला. विहीणबाई हाताची बोटं मोजत होत्या, म्हणून मी तेवढं धरून ठेवलं. मग काढलं.

फोन बंद होता. त्या तो नडीअडचणीला बाळगायच्या आणि बॅटरी जाऊ नये म्हणून बंद ठेवायच्या. मी चालू केला तर तो चार आकडे मागायला लागला. विहीणबाईंना बोलता येत नव्हतं. आकडे न घालताही मदतीचा नंबर लागतो, असं मुलीने नंतर सांगितलं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

मी त्यांना झाडाला टेकवून बसवलं. म्हटलं, "विहीणबाई, मी गावात जाते. तुम्ही मरायचं नाही." त्यांना काय कळलं कोण जाणे. त्यांनी हाताने जा म्हणून सांगितलं.

गाव दीड किलोमीटर मागे होतं आणि चढावर. डबे पोचवतानाही मी कधी एवढ्या जोरात गेले नव्हते. रडले नाही. रडायला श्वास लागतो. डोक्यात एकच होतं, की मी परत जाईन तेव्हा शिट्टीचा आवाज येत असेल की नसेल. नसेल तर तो दोन कारणांनी नसेल.

गावात शिरले. कोणी नाही. सगळ्या खिडक्यांत फुलं आणि दारं बंद. मी सायकलची घंटा वाजवत रस्त्याने गेले आणि मराठीत ओरडले, "अहो, कोणी आहे का? माणूस मरतंय तिकडे!" एका फाटकावरून एका म्हाताऱ्याने डोकं वर काढलं. कुंपणाला हिरवा रंग देत होता. मला येणारा एकच कामाचा शब्द मी त्याच्या तोंडावर फेकला, "क्रांक! क्रांक!" आजारी. आणि गळा धरून जीभ बाहेर काढली, विहीणबाईंनी दाखवली होती तशी.

त्याने ब्रश खाली ठेवला नाही, टाकला. घरात जाऊन फोन केला, मला मोटारीत बसवलं, त्याच्या हाताचा रंग माझ्या बाहीला लागला. माझी सायकल त्याच्या फाटकाशी पडून राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा शिट्टीचा आवाज येत होता. थोडा कमी. त्या माणसाने त्यांच्याशी बोलत बोलत त्यांचा हात धरला. मी दुसऱ्या बाजूला बसले. अँब्युलन्स आली तेव्हा तिच्यातल्या लोकांनी अजून एक इंजेक्शन दिलं, तोंडावर मास्क लावला आणि आम्हाला दोघींना घेऊन गेले.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण मला परत परत एकच काहीतरी विचारत होती. मी पाकिटातून मुलीच्या नंबराचा कागद काढून दिला. तिने फोन लावला, बोलली, आणि फोन माझ्या कानाला लावला.

"आई, त्यांनी काय खाल्लं?"

"थालीपीठ."

"त्यात दाणे होते का?"

नाही म्हटलं असतं तर चाललं असतं का? भाजणीत दहा धान्यं असतात, कशाचं तरी नाव घेता आलं असतं. पण डॉक्टरीण लिहून घ्यायला उभी होती.

"होते."

"किती?"

"दोन मुठी."

ती म्हणाली, "तुला मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस."

"मग?"

"मला वाटलं भाजलं की जातं."

"फोन डॉक्टरांना दे," ती म्हणाली.

संध्याकाळी ती आणि जावई आले. जावई एरवी मला बघितलं की "आई, चहा?" एवढं तरी मराठी बोलतो. त्या दिवशी माझ्यासमोरून सरळ आत गेला. त्याचं बरोबर होतं. माझ्या आईला कोणी असं केलं असतं तर मी नुसती गप्प राहिले नसते.

डॉक्टर म्हणाले, सूज पुन्हा येऊ शकते, रात्रभर इथेच ठेवू. मुलगी तिथे थांबली. जावयाने मला घरी नेलं. तासभर तो रस्त्याकडेच बघत होता. त्याने माझा पट्टा मात्र स्वतः लावून दिला, कारण मला तो लावता येत नव्हता.

सकाळी आम्ही परत गेलो. विहीणबाई खाटेवर बसल्या होत्या, पाठ सरळ. तोंड अजून फुगलेलं, एक डोळा अर्धाच उघडत होता. मला बघून त्या मुलीला काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?"

"विचारतात, मी तुला आवडत नाही का म्हणून."

"त्यांना सांग, कोरडं होऊ नये म्हणून घातलं. न आवडणाऱ्या माणसाला मी कोरडंच वाढलं असतं."

मुलीने सांगितलं. मग म्हणाली, "विचारतात, तुला माहीत होतं का."

"होतं. ऐकलं होतं. खरं वाटलं नव्हतं. आता वाटतं. माझं चुकलं." हे मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेन ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. त्यातलं हे एकच मनापासून.

विहीणबाईंनी ऐकून घेतलं. मग बराच वेळ बोलल्या. जावई खिडकीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता.

"काय म्हणाल्या?"

"जाऊ दे ना, आई."

"सांग."

"म्हणाल्या, बाई मूर्ख आहे, पण टोचते जोरात. मांडीला ही एवढी काळी निळी गाठ आलीय."

"दाखवा," मी म्हटलं. त्यांनी पांघरूण बाजूला करून दाखवली. खरंच आली होती, मुठीएवढी.

मी त्या रात्री कुटाची बरणी कचऱ्यात रिकामी केली. मुलगी म्हणाली, एवढं करायची गरज नव्हती, तिला स्वतःला कूट आवडतं. मी म्हटलं, तू कराडला येऊन खा.

सायकली त्या रंगवाल्या म्हाताऱ्याने दोन्ही आपल्या गोठ्यात नेऊन ठेवल्या होत्या. अडीच आठवड्यांनी आम्ही दोघी आगगाडीने गेलो त्या आणायला. मुलगी नको म्हणत होती, जावई नको म्हणत होता. विहीणबाई त्यांना एकच वाक्य बोलल्या आणि दोघं गप्प झाले. म्हाताऱ्याने आम्हाला कॉफी पाजली. मी त्याच्यासाठी शंकरपाळे नेले होते. त्याने डब्यात बोट घालायच्या आधी विहीणबाईंनी डबा ओढून घेतला, माझ्याकडे बघितलं आणि भुवई वर केली.

"मैदा, तूप, साखर, दूध," मी म्हटलं. "बरणी फेकली. मुलीला विचारा."

त्यांनी खरंच मुलीला फोन लावून विचारलं. मग तीन खाल्ले.

तिथून राहिलेली अर्धी वाट आम्ही त्याच दिवशी पुरी केली. गहू तोवर पिवळा झाला होता, काही ठिकाणी कापून त्याच्या गोल वळकट्या करून ठेवल्या होत्या. चेरी संपल्या होत्या. जिथे बसलो होतो ती जागा आली तेव्हा विहीणबाई थांबल्या नाहीत, मीही नाही. पुढे एका गावात तीन वाजले आणि केक मिळाला.

त्यानंतर सात उन्हाळे आम्ही असं फिरलो, कधी त्या नदीने, कधी दुसऱ्या. खायचं प्रत्येकीने आपलं आपलं आणायचं, असा विहीणबाईंनी नियम केला. तो मी मोडला नाही. नळी कुठे आहे ते त्या दर सकाळी मला दाखवायच्या आणि मी हात लावून बघायचे. ती पुन्हा लागली नाही.

आता त्यांचे गुडघे गेलेत आणि मला नीट दिसत नाही, त्यामुळे सायकल दोघींची बंद आहे. मुलगी महिन्यातून एकदा फोनवर आमची गाठ घालून देते. विहीणबाई पंच्याऐंशीच्या आहेत, मी त्र्याऐंशीची. त्या जगल्या.